दुसरं गाणं

"आमची सुरुवात एका पडक्या लाकूडगिरणीत झाली," बँडचा गायक यार्क्को सांगत होता. कॅमेरा समोर होता, पण हा बघत होता लांब नदीपलीकडे, तिकडून कोणी हाक मारत असल्यासारखं. "बाहेर उणे तीस. पोटात अन्न नाही. आमच्याकडे होता तो फक्त राग."

नाचमंडपाच्या पायरीवर बसून झांजा पुसणाऱ्या ऑस्मोने फडकं मांडीवर ठेवलं. गेली सात वर्षं तो ही गिरणी ऐकत होता. हेलसिंकीत ऐकली, स्टॉकहोममध्ये ऐकली, जर्मनीत तर दुभाष्याच्या तोंडून ऐकली. पण लेहतोपेरात, आपल्याच गावात बसून लेहतोपेराबद्दल असं थापाडं बोलायला वेगळंच काळीज लागतं. गावात गिरणी होती, नव्हती असं नाही. यार्क्कोच्या सख्ख्या मामाची होती, आणि ती आजही धडधडीत चालू होती. शनिवार नसता तर इथे बसल्या बसल्या ऐकू आली असती.

सराव चालायचा अग्निशमन केंद्राच्या माडीवर. तिथे हीटर असा पेटलेला असायचा की सगळे बनियनवर बसून वाजवायचे. आणि उपासमार म्हणाल तर इर्याकाकू दर गुरुवारी वेलदोड्याचे पाव भरून टोपली आणायची, त्यातले निम्मे हा उपाशी एकटा खायचा. त्याचं जॅकेट काकूने दोनदा उसवून सैल केलं होतं. राहता राहिला राग. ऑस्मोला यार्क्को रागावलेला एकदाच आठवत होता, सॉसेजच्या टपरीवरची मोहरीची चटणी संपली होती तेव्हा.

"राग," मुलाखत घेणारी मुलगी मान हलवत म्हणाली. "तो अजून आहे?"

"लांडगा म्हातारा होत नाही," यार्क्को म्हणाला.

बँडचं नाव ‘नोव्हेंबर वुल्व्ह्ज’. या मुलखात लांडगा शेवटचा दिसला तो यार्क्कोच्या पणजोबांना, तेही म्हणे कुत्रा असावा. पण यार्क्कोच्या खांद्यावर लांडग्याचं कातडं असायचं. पहिलं कातडं त्याच्या आईच्या सोफ्याचं होतं. आताचं महाग होतं, पण ऑस्मोला त्यावर अजून तो सोफाच दिसायचा, आणि त्यावर बसून टीव्ही बघणारी त्याची आई.

बाकीचे दोघेही काही कमी नव्हते. गिटारवाला साकारी मूळचा हसतमुख माणूस, दुधाच्या डेअरीत कामाला होता. फोटोवाल्यांनी सांगितलं म्हणून त्याने दुःखी दिसायची सवय लावून घेतली, आणि आता ती सवय अशी जडली होती की पोरीच्या वाढदिवशीही तो मयताला आल्यासारखा उभा राहायचा. पासी जाड तारांची बेस गिटार वाजवायचा आणि यार्क्को म्हणेल त्याला हो म्हणायचा. दुसरं तो काही करत असल्याचं कोणाच्या पाहण्यात नव्हतं.

ऑस्मोला या सगळ्यांची मनापासून किळस यायची. ती तो जपून ठेवायचा. बसमध्ये, हॉटेलात, विमानतळावर, कुठेही कंटाळा आला की ती आतल्या आत काढायची, चघळायची, परत ठेवून द्यायची. त्याला वाटायचं, मी यांच्यातला नाही, एवढं तरी त्यावरून सिद्ध होतं.

*

खरी सुरुवात झाली ती तौनोकडे. तौनो अकॉर्डियन वाजवायचा आणि त्याचा वाद्यवृंद दर शनिवारी याच मंडपात नाचाला साथ करायचा. निळी जॅकेटं, बाहीवर चंदेरी पट्टी, सगळी इर्याकाकूने शिवलेली. इर्या तौनोची बायको. गाडीही तीच चालवायची, कारण नाच संपेस्तोवर शुद्धीत असलेली ती एकटीच. ऑस्मो सतराव्या वर्षी तौनोकडे ड्रमवर बसला आणि तिला काकू म्हणायला लागला, तो चाळिशी उलटली तरी काकूच म्हणत होता.

तौनोने त्याला ताल फारसा शिकवलाच नाही. म्हणाला, "ताल काय, गाढवालाही येतो. तू जमिनीकडे बघायला शीक."

मंडपात एका बाजूच्या बाकांवर बायका, दुसऱ्या बाजूला पुरुष. पुरुष चालत जाणार, मान झुकवून बाईला विचारणार, दोघं मध्ये येणार. गाणी जोडीने वाजतात. एक गाणं, मग थोडा थांबा, मग दुसरं गाणं. त्यानंतर पुरुष बाईला हाताला धरून तिच्या बाकापर्यंत सोडतो, आभार मानतो आणि परत जातो. जोडीदार कितीही बेकार नाचो, पायावर पाय देवो, दोन गाणी पुरी करायची. एका गाण्यानंतर सोडून जाणं म्हणजे भर मंडपात थोबाडीत मारणं. तसं लेहतोपेरात कोणी करत नाही. ज्याने केलं त्याच्या पोरांनाही लोक ते ऐकवतात.

"गाणं माझं," तौनो म्हणाला होता, "थांबा तुझा. चार ठोके तू देणार, तेव्हा दुसरं गाणं सुरू होणार. आणि जमिनीवर कोणी बाई एकटी उभी असेल तर ठोके द्यायचे नाहीत. मग राजा आला तरी नाहीत."

असं एकदाच झालं. ऑस्मो एकोणीस वर्षांचा होता. दुधाचा टँकर चालवणाऱ्या एका माणसाने पहिलं गाणं संपताच पोरीचा हात सोडला आणि सरळ सॉसेज आणायला गेला. पोरगी मधोमध उभी. ऑस्मोने काठ्या वर धरल्या आणि तशाच ठेवल्या. तौनोने वळूनसुद्धा पाहिलं नाही. अर्धं मिनिट गेलं, एक मिनिट गेलं, सगळा मंडप मान वळवून टपरीकडे बघायला लागला. तो गडी शेवटी लालबुंद होऊन परत आला आणि सॉसेज कोटाच्या खिशात कोंबून दुसरं गाणं नाचला. मोहरी बाहेरून दिसत होती. त्या रात्री गाडीत इर्याकाकू एवढंच म्हणाली, "पोरा, तू ड्रमर झालास."

त्यापेक्षा मोठं कौतुक ऑस्मोला पुढे कधी मिळालं नाही. वर्तमानपत्रांत तर त्याचं नावही निम्म्या वेळा चुकीचं छापायचे.

तौनो एका फेब्रुवारीत दारातला बर्फ उपसताना गेला. त्याला पुरून पंधरवडा होतो न होतो तोच अकॉर्डियन गेलं, मग जॅकेटं गेली. तोवर तौनोकडे टँगो गाणाऱ्या यार्क्कोने डोकं भादरलं आणि तेच टँगो दुप्पट वेगात, ओरडून म्हणायला सुरुवात केली. गाडी काकूनेच दिली. "तौनोला काय आता तिचा उपयोग," म्हणाली. स्वीडनला जाणाऱ्या जहाजावर दारूड्यांसमोर वाजवताना एका रेकॉर्ड कंपनीच्या माणसाने त्यांना ऐकलं. तो हसून हसून खुर्चीवरून पडला आणि दुसऱ्या दिवशी करार घेऊन आला. लोक आधी गंमत म्हणून आले. मग काळे कपडे घातलेली पोरं आली, त्यांना यात गंमत दिसत नव्हती. त्यांना यात मरण दिसत होतं, अंधार दिसत होता, काय काय दिसत होतं. आधी गावोगावचे उत्सव, मग हेलसिंकीचं मोठं सभागृह, मग स्वीडन, आणि गेल्या वर्षी जर्मनी.

गंमत म्हणजे ऑस्मोला ते सगळं आवडत होतं. हॉटेलातला नाश्ता आवडायचा. तीन हजार माणसं एकदम ओरडली की छातीत जे होतं तेही आवडायचं. बँडचं नाव व्हायच्या आधी तो खिडक्यांच्या कारखान्यात चौकटींना रबर लावायचा, दिवसाला एकशेचाळीस चौकटी. तिथे परत जायच्या विचाराने त्याच्या हातांना घाम सुटायचा.

आणि तीच वेळ आली होती, हॅम्बुर्गच्या पायी.

हॅम्बुर्गला दुसरं गाणं संपलं आणि ऑस्मो थांबला. का थांबला ते त्यालाही नंतर सांगता आलं नाही. वीस वर्षांच्या सवयीचा हात, तो थांबला. डोळे समोरच्या गर्दीवर गेले आणि जोड्या बाकांकडे परतायची वाट बघू लागले. जोड्या कुठल्या, समोर घामाघूम झालेली तीन हजार पोरं. यार्क्को मूठ हवेत उगारून उभा, डोळे मिटलेले, आणि पुढचा ठोका येईचना. मग मूठ हळूहळू खाली आली. बारा सेकंद. कोणीतरी ते फोनवर टिपलं, आणि अर्ध्या जर्मनीने पाहिलं.

"बारा सेकंद," यार्क्को तेव्हापासून रोज म्हणायचा. "मी तिथे बसस्टॉपवर उभा असल्यासारखा."

सोमवारी जर्मनीचा दुसरा दौरा निघणार होता, सव्वीस शहरं. स्टॉकहोमचा लिनुस नावाचा एक पोरगा तयार ठेवला होता. दोन्ही हातांवर कवट्या गोंदलेल्या, आणि नाचमंडप कशाला म्हणतात हे त्याने बापजन्मी ऐकलेलं नाही. बसमधली जागा त्याची की ऑस्मोची, हे आज ठरायचं होतं.

*

इर्याकाकू पाच वाजता आली, सायकलवरून. एकाहत्तर वर्षांची बाई, हँडलला टोपली, अंगात जुना निळा झगा. जॅकेटांचं उरलेलं कापड असावं, रंग तोच होता.

"हे पायात काय घातलंयस?" तिने आल्या आल्या विचारलं.

ऑस्मोने बुटांकडे पाहिलं. कंपनीने सगळ्यांना दिले होते, घोट्यापाशी साखळ्या लोंबत होत्या. "पोशाख आहे काकू."

"चालताना वाजतोस. आमच्या बैलाला होतं तसलं." तिने टोपलीतून पाव काढून त्याच्या हातात दिला. "आणि तो कोण, कातडं पांघरून? आपला यार्क्को? जुलै महिन्यात? घामोळं येईल त्याला."

"येऊ दे."

"त्याला पाव नेऊन दे. उपाशी होता म्हणे. ती टीव्हीवाली मुलगी मला विचारत होती, तुम्ही त्यांची उपासमार पाहिलीत का." तिच्या तोंडाची एक कड हलली. "म्हटलं, पाहिली. आठ आठ पावांची पाहिली."

ऑस्मो कितीतरी महिन्यांनी खरा हसला. मग तिने इकडेतिकडे बघून विचारलं, "आठ वाजता आपला नाच आहे, थांबशील ना? ड्रमवर तुईरे असते हल्ली. टपाल वाटते ती, मातीच्या रस्त्यावरची. मीच तयार केली. हात जरा जड आहे, पण डोळे चांगले."

"थांबतो की."

"तुझे कसे आहेत डोळे?"

"आता डोळ्यांचं काम नसतं काकू. कानात टिकटिक सोडलेली असते, तिच्यावर वाजवायचं. थांबाबिंबा नसतो."

"टिकटिक जमिनीकडे बघते का?" तिने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता टोपली घेऊन बायकांच्या बाकांकडे गेली.

यार्क्को तेवढ्यात आलाच. कातड्याखाली मानेवरून घाम वाहत होता. "काय म्हणत होती म्हातारी?"

"पाव खा म्हणते."

"कार्बोहायड्रेट बंद केलेत मी." तो ऑस्मोजवळ वाकला. "हे बघ, तीन गाणी चित्रित करायचीत. पहिली दोन सलग. पहिलं संपलं की चार ठोके आणि दुसरं. मध्ये श्वाससुद्धा नको. तू आज मशीन व्हायचंस. कळलं?"

"कळलं."

"लिनुसला मी उद्या सकाळी फोन करणार आहे. काय सांगायचं ते तू ठरव." त्याने ऑस्मोच्या खांद्यावर थाप मारली, जर्मनीत चाहत्यांच्या खांद्यावर मारायचा तशी. "अरे, तुझ्याशिवाय मला तरी करमेल का?"

डेअरीतल्या माणसाला रडवेला केला, आईचा सोफा सोलला, आता मला मशीन करायला निघालाय, ऑस्मोच्या मनात आलं. तोंडाने तो म्हणाला, "होईल. काळजी करू नकोस."

*

सहा वाजता ऊन अजून मंडपाच्या अर्ध्या जमिनीवर होतं. टीव्हीवाल्यांना ते आवडलं नाही म्हणून त्यांनी काळे पडदे लावले आणि आत लाल-निळे दिवे सोडले. जमिनीवर पांढरी पट्टी चिकटवली. गावकऱ्यांनी पट्टीच्या बाहेर उभं राहायचं, आत यायचं नाही, कॅमेऱ्याकडे बघायचं नाही, असं कानाला बोलायचं यंत्र लावलेल्या टीव्हीच्या बाईने तीनदा बजावलं. लेहतोपेराचे लोक मुकाट उभे राहिले. इस्त्रीचे शर्ट, धुतलेले केस, बायका एका बाजूला आणि पुरुष दुसऱ्या. तसं उभं राहा असं त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

पहिलं गाणं संथ होतं. तौनोचाच एक टँगो, फक्त त्यातलं चांदणं काढून रक्त घातलेलं. दुसऱ्या कडव्याला यार्क्को मंचावरून खाली उतरला. हे ठरलेलं होतं. कानयंत्रवाल्या बाईला कोणीतरी म्हातारं माणूस हवं होतं, गावचं, सुरकुत्यांचं. यार्क्को पट्टी ओलांडून बायकांच्या बाजूला गेला आणि त्याने इर्याकाकूसमोर मान झुकवली. कॅमेरा त्यांच्याभोवती फिरू लागला.

ऑस्मोला कबूल करावं लागलं, कार्टं नाचलं चांगलं. नाचणारच, याच जमिनीवर शिकलं होतं, आणि काकूनेच शिकवलं होतं. काकू तर अशी पावलं टाकत होती की एकाहत्तर कुणी म्हणालं नसतं. तिची मान ताठ होती आणि चेहऱ्यावर आनंद होता, अगदी साधा, कोणापासून न लपवलेला. क्षणभर ऑस्मोलाही वाटलं, आहे, पोटात कुठेतरी आहे या माणसाला लाज.

गाणं संपलं. कॅमेरा मंचाकडे वळला. यार्क्कोने काकूचा हात सोडला, वस्तू ठेवावी तसा, आणि दोन उड्यांत मंचावर चढला.

काकू मधोमध उभी राहिली.

पट्टीच्या पलीकडे सगळ्या गावाने एकदम मंचाकडे मान वळवली. काकू गोंधळली नाही. तिने यार्क्कोकडे पाहिलंही नाही. तिने सरळ मान वर करून ड्रमकडे पाहिलं, ऑस्मोकडे. थांबा त्याचा होता, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं.

ऑस्मोच्या काठ्या वर होत्या. कानात टिकटिक चालू होती, टक, टक, टक. यार्क्को वळला. ओठ न हलवता त्याने मान हलवली, दे.

काठ्या तशाच वर ठेवायच्या, बाकी काही नाही. उठायचं नाही, बोलायचं नाही, भांडायचं नाही. एकोणिसाव्या वर्षी त्याला ते जमलं होतं. यार्क्कोला पुन्हा खाली उतरून यावंच लागलं असतं, कॅमेऱ्यासमोर, गावासमोर, ते कातडं घेऊन. ऑस्मोने सात वर्षं मनात ज्याच्या तोंडात मारली, त्याच्या तोंडात एकदा खरोखर बसली असती. त्याला चौकटी आठवल्या, दिवसाला एकशेचाळीस. त्याने खाली ड्रमकडे पाहिलं, म्हणजे काकूकडे बघावं लागू नये, आणि चार ठोके दिले.

दुसरं गाणं चार मिनिटांचं होतं. काकू चारही मिनिटं जागची हलली नाही. एकटीने चालत बाकाकडे जायचं तिच्या रीतीत नव्हतं, आणि आत येऊन तिला न्यायची मुभा कोणाला नव्हती. लाल दिवा तिच्यावरून जायचा, मग निळा, मग परत लाल. ऑस्मोने एकही ठोका चुकवला नाही. शेवटची झांज वाजली तेव्हा एक रुंद खांद्यांची बाई, तिशीची असेल, टपालखात्याचं जाकीट कमरेला बांधलेली, पट्टी ओलांडून आत शिरली. कानयंत्रवाली काहीतरी ओरडली. तिच्याकडे लक्ष न देता त्या बाईने काकूला हाताला धरून बाकापर्यंत नेलं.

"मशीन," यार्क्को नंतर म्हणाला. तो खरंच खूश होता. "एकदम मशीन. सोमवारी सहा वाजता बस. लिनुसला सांगतो, झोप म्हणावं. आणि ती म्हातारी मध्ये उभी राहिली ते बघितलंस? टीव्हीवाल्या बाईच्या डोळ्यात पाणी. एकाकीपणा म्हणे, आपल्या संगीतातला."

"तौनोची बायको आहे ती," ऑस्मो म्हणाला.

"माहितीये रे. म्हणून तर घेतली. तेवढाच मान."

*

बाकीचे शहरातल्या हॉटेलात जेवायला गेले. नऊ वाजता बस परत येऊन ऑस्मोला उचलणार होती. पडदे उतरले, पट्टी निघाली, जुलैतलं न संपणारं ऊन पुन्हा जमिनीवर आलं. आठ वाजता गावच्या वाद्यवृंदाने पहिलं गाणं धरलं आणि ऑस्मो जन्मात पहिल्यांदा पुरुषांच्या बाजूला उभा राहिला. मंचाच्या खालून मंडप किती मोठा दिसतो हे त्याला माहीत नव्हतं.

गावच्या दुकानदाराने त्याचं अभिनंदन केलं, हात मिळवला आणि दुसरीकडे बघायला लागला. ऑस्मोने सॉसेज घेतलं, अर्धं टाकलं. मनात तो यार्क्कोला शिव्या देत होता, नेहमीच्याच, पण त्यांना आज चव लागत नव्हती. सगळं त्याचं, त्या लांडग्याचं, हात त्याने सोडला, मी फक्त वाजवलं. हे त्याने स्वतःला सहा-सात वेळा सांगितलं. सहा-सात वेळा सांगावं लागतंय हेही त्याच्या लक्षात आलं.

मंचावरची पाटी उजळली, बायकांची निवड. आता बायका उठून येणार, हव्या त्या पुरुषाला विचारणार.

इर्याकाकू उठली. तिने झगा सारखा केला आणि मंडप आडवा ओलांडायला लागली. सरळ येत होती, रेषा मारल्यासारखी, आणि ऑस्मोला कळलं की ती त्याच्याकडेच येतेय. म्हणजे माफ केलं तिने. वीस वर्षांच्या ओळखीचं माणूस, पोटच्या पोरासारखं, माफ करणारच. तिने त्याच्यासमोर मान झुकवली. त्याने हात दिला.

ती हलकी होती. त्याचे बूट जड होते आणि दर पावलाला साखळ्या वाजत होत्या. तरी ती सांभाळून घेत होती.

"काकू, मघाशी मी…"

"नाच," ती म्हणाली. "नाचताना बोलू नये."

ते नाचले. अर्ध्यावर तिनेच विचारलं, "जातोयस ना सोमवारी?"

"हो."

"किती गावं?"

"सव्वीस."

"पुष्कळ आहेत," ती म्हणाली. "तब्येतीला जप."

एवढं ऐकून त्याला इतकं बरं वाटलं की त्याने डोळे मिटले. जर्मनीहून तिला काहीतरी आणायचं, त्याने ठरवलं. एखादी शाल. दौरा संपला की परत यायचं, तुईरेचा हात हलका करून द्यायचा, गुरुवारी पाव खायचे. सगळं परत पहिल्यासारखं होईल.

पहिलं गाणं संपलं. जोड्या जागच्या जागी थांबल्या, कोणी केस सारखे केले, कोणी हवापाण्याचं बोललं. इर्याकाकूने आपला हात त्याच्या हातातून काढून घेतला आणि त्याच्या डोळ्यांत पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर ऑस्मोला चाललं असतं.

"आभारी आहे," ती म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. मग ती वळली आणि एकटी, ताठ, जोड्यांमधून वाट काढत आपल्या बाकाकडे निघाली. जोड्या तिला वाट देत गेल्या. ती बसली, तिने हात मांडीवर ठेवले.

ऑस्मो मंडपाच्या मधोमध उभा होता.

त्याने मंचाकडे पाहिलं. आता ठोके येतील, दुसरं गाणं सुरू होईल, त्या गडबडीत निसटता येईल. पण तुईरेच्या काठ्या वर होत्या आणि तिथेच होत्या. ती जमिनीकडे बघत होती. जमिनीवर एक माणूस एकटा उभा होता आणि तो असेपर्यंत ती ठोके देणार नव्हती. तिला तसंच शिकवलेलं होतं. डोळे खरंच चांगले होते तिचे.

अकॉर्डियनवाल्याने वळून पाहिलं नाही. जोड्या थांबल्या होत्या, आणि सगळा गाव त्याच्याकडे बघत होता. बघण्यात कुचेष्टा नव्हती, नुसती वाट बघणं होतं. कोणी त्याला न्यायला येणार नव्हतं. बाहेर रस्त्यावर बसने हॉर्न दिला, आणि पाठोपाठ तिच्यातून यार्क्कोचं मोठमोठ्याने हसणं ऐकू आलं.

ऑस्मो चालायला लागला. त्या शांततेत त्याच्या साखळ्या दर पावलाला वाजल्या, बैलाच्या वाजतात तशा, पुरुषांच्या बाजूच्या कठड्यापर्यंत. तो कठड्याबाहेर पोचला आणि पायऱ्या उतरून गवतात आला.

मग मागे चार ठोके पडले, जरा जड हाताचे, आणि दुसरं गाणं सुरू झालं.